भूमिकांतराचे वाचन

विचारवंताच्या भूमिकांतराची नोंद करताना आपल्या समीक्षेला दोनच शब्द सहज सुचतात : विकास आणि स्खलन. ज्याचे अखेरचे मत आपल्याला मानवते त्याचा विकास झालेला असतो. ज्याचे मानवत नाही त्याचे स्खलन. दोन्ही शब्दांमागचे गृहीतक एकच आहे. शेवट ठाऊक असल्यामुळे आधीचे सर्व लेखन त्या शेवटाकडे नेणारी वाट म्हणून वाचले जाते.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांच्या वाट्याला असे वाचन पुष्कळ आले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेला हा शास्त्री गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाला धर्मशास्त्राचे आधार देतो, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या जडवादाकडे वळतो, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचा पहिला अध्यक्ष होतो. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. रॉय स्वतःच स्थिर नव्हते. १९२० साली कोमिंटर्नच्या दुसऱ्या अधिवेशनात लेनिनच्या प्रबंधाशेजारी आपला पुरवणी प्रबंध मांडणारे रॉय १९२९ मध्ये त्याच संघटनेतून बाहेर काढले गेले, आणि १९४८ च्या अखेरीस त्यांनी आपला स्वतःचा पक्षही विसर्जित केला. शास्त्रीजी एखाद्या ठाम सिद्धान्तापेक्षा एका सतत विचार करणाऱ्या माणसाच्या सोबतीला गेले, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

आणीबाणीनंतरच्या वर्षांत मी ज्या अभ्यासमंडळात जात असे, तेथे ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आदराने वाचली जाई आणि ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ संशयाने. दुसऱ्या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, हेही त्या संशयाचे एक कारण असावे! माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला ‘तडजोड’ हा शब्द अजून आहे. तो लिहिणाऱ्या तरुणाचा असा विश्वास होता की राज्यसत्ता योग्य हाती गेली की समाज बदलेल. आज माझा तसा विश्वास नाही. तो केव्हा गेला, असे विचारले की मी १९८९ किंवा १९९१ सांगतो; ऐकणाऱ्याचे समाधान होते. प्रत्यक्षात त्याचे सैल होणे त्याआधीचे, आणि त्याला तारीख नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसे गावी गेली, काही मिळेल त्या कामाला लागली, गिरण्यांची जमीन मोलाची ठरली. मतांचेही पुष्कळदा असेच होते. ती मागे घेतल्याची घोषणा कोणी करीत नाही. त्यांच्यासाठी हजर राहणे हळूहळू थांबते. भूमिकांतराचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र घोषणाच लागतात, कारण त्या छापलेल्या असतात.

हे दोन ग्रंथ अलीकडे मी पुन्हा लागोपाठ वाचले. निष्कर्ष वेगळे आहेत, सूरही वेगळा आहे. मांडणीची रीत मात्र एका शास्त्र्याची आहे. पूर्वपक्ष दुबळा करून घ्यायचा नाही, त्याला त्याच्या पूर्ण बळानिशी उभा करायचा आणि मगच उत्तराला हात घालायचा, ही वादशास्त्रातील शिस्त जडवादाच्या काळातही सुटली नाही आणि नंतरही नाही. निष्कर्षांच्या खाली टिकून राहणारी ही युक्तिवादाची घडण वाचणे मला आज अधिक फलदायी वाटते.

तरीही घडण दाखवली म्हणजे प्रश्न मिटला, असे नाही. ‘विकास’मध्ये बौद्ध आणि जैन परंपरा वैदिक संस्कृतीच्याच विस्तारात सामावून घेतल्या आहेत. ग्रंथ १९५१ चा. पाचच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तो त्या विस्तारातून बाहेर पडण्यासाठी. त्या दीक्षेनंतर घडलेल्या वाचकाला शास्त्रीजींची समावेशक दृष्टी उदार वाटेलच, असे नाही. आपले बंड कुणीतरी परस्पर आपल्या वंशावळीत नोंदवून टाकले, असेही त्याला वाटू शकते. त्याच्या आक्षेपाला शास्त्रीजींच्या पुढच्या-मागच्या भूमिकांचा आलेख हे उत्तर नव्हे. तो आक्षेप त्या पानावरच्या युक्तिवादावर आहे, आणि तेथेच तो तपासावा लागेल.