ओढणाऱ्या बोटी

मूर्तिजापूरच्या माणसाने बोटींविषयी लिहावे, हे पाहून कोकणातले वाचक हसतील. आमचे बंदर म्हणजे रेल्वेचे जंक्शन. पण यवतमाळ-अचलपूरकडचा कापूस आणून मोठ्या लाइनीच्या हवाली करणारी शकुंतला आम्ही पाहिली आहे. आज ती बंद आहे. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. तेव्हा ओढणाऱ्याची योग्यता आम्हांला कुणी शिकवायला नको.

ही हकीकत 'प्रभावती'ची. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीपाशी जहाजे थोडी. म्हणून व्यापारी आगबोटी युद्धकामाला जुंपल्या गेल्या. दीपावती, सत्यवती, कलावती, प्रभावती! नावे माजघरातल्या बायकांची आणि काम गस्तीचे.

डिसेंबर 1941. जपान युद्धात उतरून जेमतेम एक-दोन दिवस झालेले. दोन मालवाहू पडाव मागे बांधून प्रभावती अरबी समुद्रातून कराचीकडे निघाली होती. रात्री 'ग्लासगो' या ब्रिटिश क्रूझरला ती दिसली. पडावांना बिलगलेली तिची आकृती दुरून पाण्यावर आलेल्या जपानी पाणबुडीसारखी भासली. सहा हजार यार्डांवरून सहा इंची तोफा सुटल्या आणि प्रभावती बुडाली. शत्रू तिथे नव्हताच.

मनाला लागते ते हे, की तिचा घात तिच्या कामानेच केला. एकटी असती तर कदाचित बोट म्हणून ओळखली गेली असती. ज्यांना सांभाळून न्यायचे, त्यांच्या संगतीत तिचे रूपच हरवले.

पुढे तीस वर्षांत जग पालटले. कराची परकी झाली. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी तिच्यावर हल्ला चढवला. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. पण या चिमुकल्या नौकांचा पल्ला थोडा. त्यांच्या मोहिमेत इंधन पुरवायला तेलवाहू 'पोषक' होती. हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

पंगतीत जेवून उठलेल्यांची नावे सांगता येतात. वाढणारीचे कुणी विचारीत नाही. युद्धाचीही तीच तऱ्हा. तोफ डागणाऱ्याला पदक मिळते, तेल नि माल पोचवणाऱ्याला पुढची फेरी. धोका मात्र दोघांना सारखाच; किंबहुना प्रभावतीसारखीला आपल्या माणसांचाही.

येत्या 4 डिसेंबरला वीरांची नावे जरूर घ्यावीत. त्यांच्या मागोमाग पोषकचे घ्यावे, आणि कराचीला कधीच न पोचलेल्या प्रभावतीचेही.