बुऱ्हाणपूरचे झाकलेले पाणी

नवे शहर पाहून आलेल्या विद्यार्थ्यास घरची वडीलधारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात : काय पाहिलेस, आणि काय शिकलास? पहिल्याचे उत्तर तोंडावर असते. दुसऱ्यासाठी जरा थांबावे लागते. बुऱ्हाणपूर पाहून आल्यावर आमचेही तसेच झाले आहे.

आम्ही तुकईथडचे. खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरील हे सातपुड्यातले ठाणे. २००३ मध्ये खंडव्यापासून बुऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला आणि आमचे खकनार तहसील त्यात गेले. तेव्हापासून 'जिल्ह्याचे गाव' म्हणून त्याचे नाव रोज कानी पडे; शहर मात्र आम्हांस परकेच होते. डोंगर मागे पडून केळीच्या बागा सुरू झाल्या की तापीचे खोरे आले असे समजावे. मग जुनी तटबंदी, अरुंद गल्ल्या, यंत्रमागांचा अखंड खडखडाट, आणि हलवायाच्या कढईतून निघणारी काळसर माव्याची जिलेबी! बाजारात हिंदी, उर्दू, निमाडी आणि खानदेशी वळणाची मराठी इतक्या सहजपणे एकमेकींत मिसळतात की, परकेपणा पहिल्या तासातच गळून पडतो.

फारुकी सुलतानांनी वसविलेल्या या नगरास सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव आहे. येथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मशीद बांधणाऱ्या सुलतानाला आपल्या प्रजेची भाषा प्रार्थनामंदिरात परकी वाटली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली.

आपल्या वाचकांस जवळची वाटेल अशीही एक आठवण या भूमीत आहे. शहराच्या उत्तरेस असलेला असीरगड १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला. त्या स्वारीत बादशहाबरोबर येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातले. त्यांचे सोबती ब्रदर बेनेडिक्ट गोइस पुढे खुष्कीच्या मार्गाने चीनच्या सीमेपर्यंत गेले आणि १६०७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला.

तापीपलीकडे जैनाबाद आहे. चौदाव्या बाळंतपणात, १६३१ च्या जून महिन्यात, मुमताजमहल बुऱ्हाणपुरात निवर्तली आणि प्रथम तिला तेथील बागेत मूठमाती दिली गेली. काही महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. ताजमहाल पाहावयास जग लोटते. त्या दुःखाची पहिली जागा मात्र नदीकाठी निवांत पडून आहे.

परंतु आमचे मन जडले ते कुंडी भंडाऱ्यावर. जहांगीर बादशहाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याने (दोह्यांचा कवी रहीम तो हाच) ही योजना सिद्धीस नेली. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीच्या पोटातून झिरपणारे पाणी वाटेत अडवावयाचे, ओळीने खणलेल्या कुंड्यांत घ्यावयाचे, आणि त्या कुंड्या तळाशी बोगद्याने जोडून केवळ उताराच्या बळावर शहराकडे न्यावयाचे. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. इराणी पद्धतीच्या या कुंड्या शंभराहून अधिक आहेत. वरून पाहणाऱ्यास रानात दिसतात ती फक्त त्यांची गोल तोंडे; खाली काळोख, चुन्याच्या थरांनी पांढरलेल्या भिंती आणि चारशे वर्षे न बोलता वाहणारे पाणी.

त्या तोंडाशी उभे राहून आम्ही पुष्कळ वेळ खाली पाहत होतो. ज्या गवंड्यांनी हा बोगदा खणला त्यांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. त्यांचे पाणी मात्र मुसलमानाने प्याले, हिंदूने प्याले, वाटसरूने प्याले. उजव्या हाताचे डाव्यास कळू न देता केलेले दान ते हेच. पहाटे उठून घरासाठी हंडे वाहणाऱ्या आमच्या आया, पावसात पाड्यापाड्यांवर जाऊन मुलांना प्रार्थना शिकविणारे धर्मशिक्षक, ही सारी अशाच झाकलेल्या झऱ्यांची माणसे नव्हेत काय?

मात्र हे पाणी अक्षय नाही. केळीच्या पट्ट्यात कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. तापी खोऱ्यातील पाणी पुन्हा भूगर्भात मुरविण्याच्या योजनेविषयी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी २०२५ मध्ये करार केला. सरकार आपले काम करो. परंतु डोंगर आमच्या दाराशी आहेत. उतारावरची झाडे आणि शेताचे बांध राखले नाहीत, तर खालच्या शहराच्या कुंडीत काय झिरपणार?

प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, तेव्हा विहीर खणणारा कधीच काळाआड गेला होता. खणणाऱ्याने पुढच्यांसाठी खणावे, पिणाऱ्याने पुढच्यांसाठी राखावे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक घराने आपल्या शेतात एक बांध घातला, तरी हे ऋण थोडे फिटेल.