ऑपरेशन यशस्वी झालं, हे कोण ठरवतं?

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन यशस्वी झालं ना?" मी "हो, व्यवस्थित झालं," असं सांगतो आणि ते खरंही असतं. पण त्या क्षणी त्या 'हो'चा अर्थ मर्यादित असतो. रक्तस्राव थांबला आहे, भूल नीट उतरली आहे, टाके व्यवस्थित बसले आहेत, एवढंच त्यातून कळतं. जखमेत पू होईल का, सहा महिन्यांनी दुखेल का, वर्षभराने आजार परत येईल का, हे त्या दारात उभं राहून कोणालाच सांगता येत नाही. ते नंतर कळतं आणि सांगणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे रुग्ण.

मी जळगावात सर्जन म्हणून काम करतो. ऑपरेशननंतरच्या त्रासांना आम्ही 'गुंतागुंत' म्हणतो. या गुंतागुंती मोजतात कशा, आणि मोजून आलेला आकडा सामान्य माणसाने वाचायचा कसा, हे आज सांगायचं आहे. उदाहरण हर्नियाचं घेतो. एक तर केळीचे घड वाहणाऱ्या आणि मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या आपल्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. दुसरं म्हणजे हर्नियाच्या जगभरातल्या संशोधनातलं एक महत्त्वाचं पान आपल्या खान्देशात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला लिहिलं गेलं आहे.

हर्निया आणि जाळी

पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत होते आणि तिथून आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावू लागतं. हा झाला हर्निया. जांघेतला हर्निया पुरुषांमध्ये सर्वांत जास्त दिसतो. खोकलं किंवा वजन उचललं की फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो. आतडं अडकलं तर मात्र जिवावर बेततं.

पूर्वी त्या छिद्राच्या दोन्ही कडा ओढून एकमेकींना शिवत असत. जुन्या धोतराची फाटलेली जागा ताणून शिवली की शेजारी पुन्हा फाटतं, तसंच इथेही व्हायचं. मग ठिगळ लावण्याची कल्पना आली. पॉलिप्रोपिलीनसारख्या प्लास्टिकची बारीक जाळी त्या जागेवर ताण न देता बसवायची. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचे सर्जन लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्यामुळे हर्निया परत येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

अडचण होती ती किमतीची. कंपनीची जाळी त्या काळी मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी पडत असे. ज्याला वजन उचलूनच पोट भरायचं आहे, त्यालाच ती परवडत नव्हती.

दोंडाईच्याची मच्छरदाणी

दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी १९९० च्या दशकात यावर वेगळा विचार केला. मच्छरदाणीचं एक प्रकारचं कापड पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन यांच्या मिश्रणातून बनतं. म्हणजे ते हर्नियाच्या महाग जाळीचं अगदी जवळचं नातेवाईक. ते कापड कापून, स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये जाळीच्या जागी वापरलं.

ऐकताना कौतुक वाटतं, तशी भीतीही वाटायला हवी. ही वस्तू शरीरात जन्मभर राहणार आहे. 'स्वस्त आहे' हे ती बसवण्याचं पुरेसं कारण होत नाही. 'माझ्या रुग्णांना काही झालं नाही' हेसुद्धा पुरेसं नाही, कारण प्रत्येक सर्जनला आपले बरे झालेले रुग्ण जास्त आठवतात. टोणगावकरांचं मोठेपण मला पुढच्या पायरीत दिसतं. त्यांनी आणि इतर ठिकाणच्या त्यांच्या सर्जन सहकाऱ्यांनी ३५९ हर्नियांची नोंद ठेवली, जखमा किती चिघळल्या आणि हर्निया किती परत आले हे मोजलं आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये प्रसिद्ध केलं. शीर्षकातच त्यांनी या कामाला 'प्राथमिक' म्हटलं होतं. दुसऱ्या कोणीही तपासून पाहावं, असं ते खुलं आमंत्रणच होतं.

तपासणारे पुढे आले. २००६ मध्ये आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात नायलॉनची मच्छरदाणी आणि कंपनीची जाळी यांची तुलना करणारा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. निर्जंतुकीकरणाचाही अभ्यास झाला. ऑटोक्लेव्हचं तापमान नेहमीच्या १३४ अंशांवर नेलं तर पॉलिइथिलीनची जाळी खराब होते, १२१ अंशांवर मात्र ती टिकते. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरातली किंवा बाजारातली कोणतीही मच्छरदाणी या कामाची नसते. कापड कोणतं आणि ते निर्जंतुक कसं करायचं, हे ठरलेलं असतं.

मग जानेवारी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध नियतकालिकात पूर्व युगांडातला अभ्यास आला. जांघेचा हर्निया असलेले ३०२ पुरुष त्यात होते. कोणाला मच्छरदाणीची स्वस्त जाळी बसवायची आणि कोणाला कंपनीची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. कोणती जाळी बसली आहे, हे रुग्णाला माहीत नव्हतं. वर्षभराने स्वस्त जाळीच्या गटात ०.७ टक्के, म्हणजे एका रुग्णात हर्निया परत आला. कंपनीच्या जाळीच्या गटात एकही परत आला नाही. हा फरक योगायोगाने पडावा इतका किरकोळ होता. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती स्वस्त जाळीत ३०.८ टक्के आणि महाग जाळीत २९.७ टक्के होत्या. म्हणजे जवळपास सारख्याच.

तीस टक्के गुंतागुंत म्हणजे भयंकर नाही का?

हा आकडा वाचून तुम्ही दचकला असाल. शंभरातल्या तिसांना त्रास? आणि आपल्याकडे तर 'एकही गुंतागुंत नाही' असं सांगणारे दवाखाने आहेत!

या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे. गुंतागुंतीचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. एक, त्रास किती जणांना झाला. दोन, तो किती काळजीपूर्वक शोधला. युगांडातल्या अभ्यासात रुग्णांना ठरलेल्या दिवशी बोलावून तपासलं होतं. वर्षाच्या शेवटीही ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण तपासले गेले. अशा तपासणीत जखमेभोवतीची सूज, साचलेलं पाणी किंवा रक्त, थोडा संसर्ग असं सगळं नोंदलं जातं. यातलं बरंचसं आपोआप किंवा साध्या उपचाराने बरं होतं.

म्हणून गुंतागुंती नुसत्या मोजत नाहीत, त्यांची प्रतवारीही करतात. क्लॅव्हियन आणि डिंडो या सर्जनांची २००४ ची पद्धत जगभर वापरतात. तिच्यात पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत ड्रेसिंग किंवा वेदनाशामक गोळी एवढ्यावर भागतं. दुसरीत अँटिबायोटिक किंवा रक्त द्यावं लागतं. तिसरीत पुन्हा ऑपरेशनसारखा उपाय करावा लागतो. चौथीत जिवाला धोका असतो, आयसीयू लागतो. पाचवी पायरी म्हणजे मृत्यू. 'तीस टक्के' ऐकलं की लगेच विचारावं, कोणत्या पायरीचे? 'शून्य टक्के' ऐकलं की विचारावं, किती रुग्णांना परत बोलावून पाहिलं?

ज्या सर्जनकडे स्वतःच्या गुंतागुंतींचा आकडा आहे, त्याच्याबद्दल माझा विश्वास वाढतो. कारण त्याने शोधलं आहे.

न आलेला रुग्ण

आता साधं गणित करू. समजा, एका दवाखान्यात हर्नियाची १०० ऑपरेशनं झाली. वर्षभराने ६० जण तपासणीला आले आणि त्यात तिघांचा हर्निया परत आलेला दिसला. प्रमाण किती? कोणी १०० ला भागून ३ टक्के म्हणेल, कोणी ६० ला भागून ५ टक्के. पण न आलेल्या ४० जणांमध्ये आणखी सहा जणांना त्रास असेल, तर खरं प्रमाण ९ टक्के. ऑपरेशनं तीच, सर्जनही तोच. हे तीन वेगवेगळे आकडे आले ते फक्त न आलेल्या रुग्णांमुळे.

आपल्याकडे न येण्याची कारणं मी रोज ऐकतो. कापूस वेचणी चालू असते, केळीची गाडी भरायची असते, दिवसाची मजुरी बुडते. अमळनेर, नंदुरबारकडचे कितीतरी जण टाके निघताच ताप्ती लाइनची गाडी पकडून सुरतला कामावर जातात.

असाच एक रुग्ण माझ्याकडे आला होता. अमळनेरकडचा, सुरतेत कापडाच्या गाठी वाहणारा. हर्नियाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे झालेलं. जखम उत्तम भरली होती, हर्निया परत आलेला नव्हता. पण जांघेत सतत जळजळ व्हायची, वाकलं की कळ यायची. ओझं उचलता येईना म्हणून त्याने कमी पगाराचं बसून करायचं काम धरलं होतं. मी विचारलं, "भाऊ, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवलं का?" तो म्हणाला, "टाका काढाले गयथू, तवय बरं शे सांगं. मंग परत नही गऊ."

म्हणजे त्या सर्जनच्या वहीत तो आजही 'बरा' आहे. त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही, कारण त्यांना हे कधी कळलंच नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारं दुखणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण १० ते १२ टक्के रुग्णांना मध्यम किंवा तीव्र प्रमाणात हा त्रास होतो. यावर औषधं आहेत, नस बधिर करणारी इंजेक्शनं आहेत, क्वचित पुन्हा ऑपरेशनही करतात. त्या माणसाची दोन वर्षं मात्र 'ऑपरेशन झालं म्हणजे एवढं दुखणारच' अशा समजुतीत गेली.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि निदान वर्षभराने त्याचा शेवट काय झाला ते लिहायचं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वतःच्या दवाखान्यातल्या १९११ ते १९१६ मधल्या ३३७ रुग्णांचा हिशोब छापला आणि त्यात १२३ चुका झाल्याचं जाहीर केलं. सहकाऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही. आज मात्र त्यांच्या त्याच आग्रहाला आपण संशोधन म्हणतो.

मोजल्याने काय मिळतं?

मोजल्याने उपाय सापडतात, आणि ते कधी कधी अगदी साधे असतात. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत पोटाच्या ऑपरेशनचे तेरा हजारांहून जास्त रुग्ण घेऊन एक अभ्यास झाला. तो २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पोट शिवण्याआधी सर्जनने हातमोजे आणि अवजारं बदलली, एवढाच फरक होता. जखमेच्या संसर्गाचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. त्याआधी, २०२१ मध्ये, याच सात देशांतल्या दुसऱ्या अभ्यासात जंतुनाशकाचा लेप असलेला महाग धागा साध्या धाग्यापेक्षा सरस ठरला नाही. खर्च कुठे करावा आणि कुठे वाचवावा, हे अशा मोजणीतूनच कळतं. ऑपरेशननंतर महिन्याभराने 'जखम कशी आहे' या प्रश्नाला हजारो रुग्णांनी उत्तर दिलं, म्हणून हे कळलं.

तुम्ही काय करावं?

ऑपरेशनआधी डॉक्टरांना तीन प्रश्न बिनधास्त विचारा. या ऑपरेशननंतर कोणते त्रास होऊ शकतात? ते किती जणांना होतात? मला झाला तर पुढे काय करणार? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

ऑपरेशननंतर ताप, जखमेतून पू किंवा पाणी, वाढत जाणारी लाली किंवा सूज, लघवी अडकणं, पिंढरी दुखून सुजणं, धाप लागणं, पोट फुगून उलट्या होणं, यातलं काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. जखमेचा संसर्ग टाके निघाल्यावरही होऊ शकतो. म्हणून साध्या ऑपरेशननंतर ३० दिवस आणि जाळी बसवली असेल तर ९० दिवस जखमेवर लक्ष ठेवा.

सुट्टीचा कागद जपून ठेवा. कोणतं ऑपरेशन झालं, जाळी बसवली का, तारीख काय, हे त्यावर लिहून घ्या. तुम्ही सुरतला असा की पुण्याला, तिथल्या डॉक्टरला त्या कागदाचा उपयोग होतो.

आणि तपासणीला या. दहा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने. येणं जमलं नाही तर फोन करा, जखमेचा फोटो पाठवा. काहीच त्रास नसेल तर तेही कळवा. 'बरं शे' एवढे दोन शब्दही आमच्या वहीत लिहिले जातात आणि पुढच्या रुग्णाला खरा आकडा सांगायला उपयोगी पडतात.