मुंग्या लागलेलं घड्याळ

साल्वादोर दालीच्या ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ या 1931 सालच्या चित्राच्या प्रतिकृती जगभर भिंतींवर टांगलेल्या दिसतात; मूळ चित्र मात्र जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटरचं आहे. ‘काळ वितळतो, याचं हे प्रतीक’, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. मऊ पडून लोंबणारी घड्याळं तीन आहेत. चौथं, नारिंगी आणि टणक, डाव्या कोपऱ्यात झाकण मिटून पडलं आहे आणि मुंग्या लागल्या आहेत त्या नेमक्या त्यालाच. दालीच्या चित्रांत मुंग्या म्हणजे कुजण्याची खूण. ज्याने आकार सोडला नाही तेच घड्याळ इथे सडतं आहे. मागे स्पेनच्या किनाऱ्यावरील कॅप दे क्रेउसचे कडे मात्र उन्हात लख्ख उभे आहेत, त्यांना ओरखडाही नाही. काळ शाबूत आहे. मोडला आहे तो त्याला तासा-मिनिटांत बसवण्याचा माणसाचा हट्ट.

यावर आक्षेप म्हणून कोणी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा दाखला देतात. पण सापेक्षतेत घड्याळ कधीच अविश्वसनीय ठरत नाही. प्रत्येक घड्याळ आपापल्या जागी अचूकच चालतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही घड्याळं आपल्याला पातळ होत चाललेल्या कॅमेंबेर चीजवरून सुचली, असं खुद्द दालीनेच सांगितलं आहे. मग अर्थ कशाला शोधायचा? पण प्रतिमा कुठून सुचली आणि चित्रात ती काय करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चीजवरून मऊपणा कळतो, मुंग्यांनी टणक घड्याळच का निवडलं हे कळत नाही. शिवाय घड्याळावरचा हा अविश्वास एकट्या दालीचा नाही. दालीसारख्या अतिवास्तववाद्यांनी ज्याला पूर्वसूरी मानलं त्या जॉर्जो दे किरिकोच्या ‘गार माँपार्नास’ या चित्रात, 1914 सालीच, घड्याळात दीडच्या सुमाराची वेळ आहे आणि सावल्या मात्र दिवस कलल्यासारख्या लांबलचक. तिथे काहीही वितळत नाही, तरी घड्याळ खोटं पडतं, कारण डोळा सावलीवर विश्वास ठेवतो.

अणुबाँबनंतर, 1952 ते 1954 या काळात, दालीने तोच देखावा पुन्हा रंगवला. त्यात जमीनसुद्धा सुट्या ठोकळ्यांत विखुरली आहे. घड्याळांबरोबर पायाखालचा आधारही गेल्यावर कशाच्या तुलनेत काय मोडलं, हेच उरत नाही. म्हणून कड्यांना अढळ ठेवणारं 1931 चं छोटं चित्रच मला दोहोंत अधिक खोल वाटतं.