चिमे, मिगचा पेला करू नकोस

सोलापूर,
एप्रिल अखेर



तुझ्या मिगचा फोटो काल रात्री आला आणि माझी झोप उडाली. तुझी मामी म्हणते, प्लास्टिकच्या विमानापायी कुणी एवढं मनाला लावून घेतं का! तिला काय सांगू? जी पोर लहानपणी पत्र्याचा तुकडा उन्हात फिरवफिरवून बघायची, तिने मिग-२१ चा लग्नात वाटलेला स्टीलचा पेला करून ठेवावा? आणि वर विचारतेस, ‘मामा, अजून चकचकीत करायला कोणती चांदी आणू?’

कोणतीही आणू नकोस. दोष तुझा एकटीचा नाही म्हणा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिगांना निरोप दिला तेव्हा तू टीव्हीसमोर रडलीस, पण ती सगळी राखाडी रंगातली बायसन जातीची. उघड्या धातूचं मिग तुमच्या पिढीने उडताना पाहिलंच नाही. तू करते आहेस ते एफएल जातीचं मिग, आपल्या ओझरच्या कारखान्यातून साठीच्या दशकात बाहेर पडू लागलेलं. हवाई दलाकडे आली तेव्हा ही विमानं बिनरंगाची होती, खरं आहे. पण उघडं ॲल्युमिनियम हवेत राहिलं की त्याच्यावर ऑक्साइडची साय धरते आणि काही महिन्यांत ते करडं, थंड दिसू लागतं. त्यात धावपट्टीवरचं ऊन, पंखावर चढणाऱ्या मेकॅनिकांचे बूट, केरोसिनचे ओघळ. त्यात तोंड दिसायचं कारणच नाही.

दुसरं म्हणजे, एका डब्यातल्या चांदीने अख्खं विमान रंगवणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, तुला ठाऊक आहे. विमान पत्र्यापत्र्याने जोडलेलं असतं. एक पत्रा लाटताना उभा गेला, शेजारचा आडवा. उजेड दोघांवर वेगळा पडतो. शेपटीकडे इंजिनाच्या धगीने पत्रा पिवळट, तपकिरी, कुठे निळसर होतो. नाकातला शंकू तर धातूचा नव्हेच. आत रडार असतं, त्याच्या लहरी धातूतून जाणार कशा? म्हणून तो हिरवा, आणि उभ्या शेपटीचं टोकही तसंच, तिथे आत अँटेना. तू दोन्हींवर चांदी फासलीस! खऱ्या वैमानिकाला आंधळं करून आकाशात पाठवलंस की गं.

तर आता उपाय. सगळं उतरव. चांदी दोष झाकत नाही, चव्हाट्यावर मांडते. तुझ्या मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर, खऱ्याचे ७.१५ मीटर. म्हणजे तुझ्या हातून उठलेला एक दशांश मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरची खाच होतो. अशी खाच घेऊन कुणी उडेल का? सांध्यात पुट्टी भर, पूर्ण वाळू दे. मग गाड्या रंगवणाऱ्यांकडचा वॉटर पेपर आण, ६०० पासून २००० पर्यंत चढत जा, पाणी लावून. शेवटी टूथपेस्ट आणि जुनं धोतर. घरात धोतर नसेल, मी पाठवतो. त्यावर चकचकीत काळा रंग, पातळ हातांनी. इनॅमल वापरलंस तर तो वास पूर्ण जाईपर्यंत थांब. कच्च्या इनॅमलवर लॅकरची चांदी मारली की तडे गेलेच समज. चांदी एअरब्रशने, कमी दाबात, धुक्यासारखी. आधी एकच छटा सगळीकडे. मग काही पत्रे झाकून बाकीच्यांवर किंचित काळपट, कुठे किंचित पांढरट. चिकटपट्टी आधी तळहाताला लावून तिचा चिकटपणा कमी करून घे, नाहीतर ती चांदी सोलून काढते. एखाद्या पत्र्याला स्वयंपाकघरातली फॉइल, मंद बाजू वर ठेवून, पातळ गोंदावर बसवून इअरबडने घासून बघ. असं खरं दिसतं की बोलायची सोय नाही.

आणि हो, हे ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ल्याला गेलेलं मिग म्हणून दाखवणार असशील, १४ डिसेंबर १९७१ चं, तर आधी त्या दिवसांचे फोटो मिळव. युद्धाच्या धामधुमीत पुष्कळ एफएलवर घाईघाईने कॅमोफ्लाज चढवला होता. चकाकतं विमान वरून शत्रूला आयतंच दिसतं. मग एवढी घासाघीस कुणासाठी करणार? १९६८ चं कर, निवांत काळातलं.

इकडे मी स्वतः सध्या काही रंगवत नाही. ऊन बेचाळिसावर गेलंय, लॅकर हवेतच वाळतो आणि विमानावर भुकटी पडते. पहाटे मारावं तर शेजारचे माग सुरू होतात. टॉवेलच्या सुताचा तंतू ओल्या काळ्या रंगावर असा उतरतो की विमानाला मिशा फुटतात. पुण्यात तुला हा त्रास नाही, असं लिहिणार होतो, तेवढ्यात फोटोखालची तुझी ओळ पुन्हा वाचली. ‘बाळ झोपलं की बाथरूमचं दार लावून मारते, धूळ नसते.’

चिमे, त्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे. मी दिवाळीत तिथेच अंघोळ केली आहे. लॅकर पातळ करायच्या एनसी थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, फरशीवर साचते, दाराखालून सरकते, आणि ज्योत मिळाली की भडकते. तू आत थिनर उडवते आहेस आणि बाहेर जावयांनी भांड्यांसाठी गरम पाण्याचा नळ सोडला तर? तो गिझर आपोआप पेटतो ना? शिवाय तोंडाला बांधतेस ते कोरोनातलं फडकं. ते धूळ अडवेल, वाफ नाही. तिला कार्बनच्या डब्या लावलेला मास्कच लागतो. आणि तुझ्या कपड्यांना लागलेला तो वास घेऊन तू तशीच बाळाला पाजायला बसतेस काय?

आजपासून थिनरचा डबा गॅलरीत, बाळाचा हात पोहोचणार नाही असा उंच. फवारणी गॅलरीतच, वारा बाहेर जाणारा असेल तेव्हा. धूळ बसली तर बसू दे, २००० च्या पेपरने निघते. नाहीतर सरळ पाण्याने पातळ होणारे ॲक्रिलिकचे धातुरंग घे. लॅकरइतके पक्के नसतात, बोट लागलं की डाग पडतो, म्हणून मी आजवर त्यांना नावं ठेवत आलो. तू बिनदिक्कत वापर.

उत्तर पत्राने नको, फोन कर. केला नाहीस तर उद्या सकाळी मी जावईबापूंना फोन करून गिझरचं सगळं सांगणार आहे. चुगली म्हण हवं तर.

तुझा
मामा