बिंदू चौक, दूधकट्टा आणि आडवी बाटली

पुष्कळ दिवसांनी कोल्हापूरला जाण्याचा योग आला. निमित्त मावशींच्या नातवाच्या लग्नाचे. लग्न रविवारी होते, पण आम्ही सहकुटुंब शनिवारी सकाळीच एस.टी.ने उतरलो. बिंदू चौक आणि माणगाव दाखवण्याचे मुलांना कबूल केले होते.

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी ते उभे राहिले. त्या वेळी बाबासाहेब हयात होते. धाकट्याने विचारले, "जिवंत माणसाचा पुतळा कसा काय?" आम्ही म्हणालो, "या गावाने माणूस वेळेवर ओळखला, म्हणून."

पुढे भाऊसिंगजी रोड लागला. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मार खाल्लेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढायला मदत केली. मग स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. एका दुकानाने एक माणूस उभा राहिला, आणि त्याच्यामुळे समाजाची मानही वर झाली.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी दारात उभ्या, गवळी समोर धार काढतो, फेसाळलेला पेला हातात देतो. पोरेसोरे, म्हातारी माणसे, तालमीतले गडी तिथे उभ्याने दूध पीत होते. आम्हीही एकेक पेला घेतला. मुलांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा उमटल्या.

तिथून मावशींच्या गावी जायला निघालो, तर वाटेत आणखी एक गर्दी दिसली. ती देशी दारूच्या दुकानापुढची होती. शनिवार म्हणजे बांधकामावरच्या लोकांच्या पगाराचा दिवस. आठवड्याची मजुरी खिशात घालून माणसे रांगेत उभी होती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन रस्त्याच्या पलीकडे थांबली होती. ती कुणाची वाट पाहत होती, हे विचारायची गरज नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर हा विषय निघाला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमच्या गावातल्या बायांनीबी बाटली आडवी करायला घेतली हुती बाबा. पर हरलो."

वाचक बंधू-भगिनींना हा प्रकार माहीत असावा. राज्य सरकारच्या 2008 सालच्या आदेशानुसार, गावातले परवानाधारक दारू दुकान नको असेल तर किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. उभीला मत म्हणजे दुकान राहावे, आडवीला मत म्हणजे बंद व्हावे.

"मग कमी बायकांनी आडवीला मत दिलं का?" आमच्या सौ.ने विचारले.

"न्हाई गं. आडवीलाच जास्त पडली हुती. तरीबी हरलो."

आम्ही कारकुनी पेशातले, हिशेबाची सवय असलेले. खरी मेख इथे आहे. दुकान बंद व्हायला नुसत्या झालेल्या मतांपैकी बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, गावात 1,200 महिला मतदार आहेत. त्यांतल्या 800 जणींनी मतदान केले. 590 जणींनी बाटली आडवी केली आणि 210 जणींनी उभी ठेवली. तरीही दुकान चालूच राहणार, कारण लागतात 601. म्हणजे ज्या 400 जणी घरी बसल्या, त्यांचे मत न देताच उभ्या बाटलीला गेले!

मावशींच्या गावात तसेच झाले. मतदानाच्या दिवशी निम्म्या बाया भांगलणीला गेल्या होत्या. एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नव्हते. काहींना नवऱ्याने बाहेर पडू दिले नाही. काहींची नावे लग्नानंतर माहेरच्याच यादीत राहिली होती. मजुरी वाचवली एका दिवसाची, आणि नवऱ्याची मजुरी दर शनिवारी जातेच आहे.

रविवारी लग्न आटोपून माणगावला गेलो. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी इथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा नेता मिळाला, अशी ग्वाही त्यांनी दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1919 मध्ये, बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे आपल्या लोकांना मताचा अधिकार मागितला होता. पुढे राज्यघटनेने प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला एक मत दिले. तिथे उभे असताना मावशींचे बोल आठवले आणि मन खिन्न झाले. एवढ्या कष्टाने मिळालेले मत भांगलणीपायी वाया गेले.

म्हणून जिथे असे मतदान व्हायचे असेल, तिथल्या महिला मंडळांनी सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घ्यावी. नव्या सुनांची नावे चढवावीत. मतदानाच्या दिवशी शेतमालकांना सांगून दोन तासांची सवलत मिळवावी, म्हाताऱ्यांना नेण्या-आणण्याची सोय करावी. सभा-मोर्च्यांइतकेच हे काम मोलाचे आहे.

दुकान बंद झाले म्हणजे सारे झाले असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 साली ती उठली. पंचशीलातले पाचवे शील प्रत्येकाने घरातच पाळायचे आहे. ज्याला अजून सुटत नाही, त्याने निदान पगार आधी घरात द्यावा आणि पोरांसमोर पिऊ नये. रोज पिणाऱ्याला मात्र हट्टाने एका दिवसात सोडायला लावू नये. हातपाय थरथरतात, भास होतात, फिटही येते. त्याला सरकारी दवाखान्यात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे. तो आजारी माणूस आहे, त्याला टाकून बोलून काही साधत नाही.

निघताना मावशींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "पुढच्या वक्ताला यादी तूच तपासून दे, तुला हिशेब कळतो." आम्ही हो म्हणून आलो आहोत. पुन्हा सह्या सुरू झाल्या की आम्ही रजा टाकून जाणार.

जयभीम!