काही शे रुपयांतला अँड्रोमेडा

सेलच्या यादीत ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ची उतरलेली किंमत पाहिली की वाईट वाटतं. मार्च २०१७ मध्ये हा गेम आला आणि लोकांच्या डोक्यात उरले ते त्यातले निर्जीव डोळे आणि शब्दांशी न जुळणारे ओठ. एप्रिलच्या पॅचमध्ये ते बरेच सुधारले, पण तोवर निकाल लागला होता. माझ्या मते तो निकाल गेमपेक्षा अपेक्षेचाच जास्त होता. २००७ ते २०१२ या काळात मालिकेच्या पहिल्या तीन भागांनी ज्यांना झपाटलं, त्यांना पाच वर्षं थांबून तेच प्रेम परत हवं होतं. पडद्यामागे वेगळीच ओढाताण चालली होती. ‘बॅटलफील्ड’ या युद्धखेळासाठी घडवलेल्या फ्रॉस्टबाइट इंजिनवर संवादांचा गेम उभा करायचा होता, आणि शेकडो ग्रहांचा मूळ बेत सोडून मोजक्यांवर भागवावं लागलं.

उशिरा, स्वस्तात घेणाऱ्यावर त्या अपेक्षेचं ओझं नसतं. गेममधल्या इऑस ग्रहावर तो किरणोत्सारामुळे ओस पडलेली वसाहत सावकाश पाहतो, मागे राहिलेल्यांची ध्वनिमुद्रणं ऐकतो. नव्या आकाशगंगेत वसायला ६३४ वर्षांची झोप काढून आलेल्या माणसांना ज्या ग्रहांची आशा दाखवली होती, ते राहण्याजोगे उरलेलेच नाहीत; तरी त्याच मातीत संसार मांडायचा आहे. फसलेल्या आश्वासनानंतर कसं जगायचं, हाच या कथेचा गाभा आहे आणि डोळे-ओठांच्या गदारोळात तोच हरवला. जेटपॅकने झेप घेऊन हवेत थबकत नेम धरायची लढाई तर मला अख्ख्या मालिकेत सर्वांत मोकळी वाटते.

स्वस्त म्हणून दोष माफ होतात, असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. पैसे वाचले तरी वेळ तेवढाच जातो, आणि हे आण-ते पोचव छापाची कामं कुठल्याही दरात कंटाळवाणीच. फक्त चडफड न करता ती सोडून देता येतात. सगळेच थांबले तर गेम करणाऱ्यांना कोण पोसणार, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पण काम पुरतं पिकण्याआधीच ते पूर्ण दराने विकायला काढणं हा धंद्याचा निर्णय होता. थांबणाऱ्या ग्राहकाला त्याचा दोष देता येत नाही. त्याची किंमत मात्र घडवणाऱ्यांनी मोजली. ऑगस्ट २०१७ मध्ये एकट्याने खेळायच्या भागात नवी भर घालणं थांबल्याचं जाहीर झालं आणि हा गेम घडवणारा माँट्रियलचा स्टुडिओ दुसऱ्यात विलीन केला गेला. त्यामुळे कथेतल्या क्वेरियन या परग्रहवासी लोकांच्या हरवलेल्या जहाजाचं काय झालं, हे खेळाडूंना २०१८ मध्ये एका कादंबरीतून कळलं. गेममध्ये ते जहाज अजूनही पोचलेलं नाही.